गाऱ्हाण्याआधीची घरं

दादा,

परवा तुझी शोकसभा तासभर उशिरा सुरू झाली. पाहुणे यायचे होते. आधी निरोप आला की पणजीहून मंत्री निघाले आहेत. मग निरोप आला की ते फेरीबोटीच्या रांगेत अडकले आहेत, पलीकडे गर्दी आहे, चोपड्याच्या धक्क्यावर उतरायला वेळ लागेल. तोवर सगळा गाव देवळाच्या मंडपात तुझ्या फोटोकडे बघत बसला होता. आपल्या रमाकांतने समईत दोनदा तेल घातलं आणि माईकवर तीनतीनदा फुंकर मारून पाहिली. बायका पदराने वारा घेत होत्या. मागून कोणीतरी म्हणालं, "पुंडलिक आसतो तर तेणां आतापर्यंत सभा संपवून चाय पाजली आसती."

मी मागच्या खांबाला टेकून बसलो होतो. खरं सांगतो, मला हसू येत होतं. आपण दोघं चुलतभाऊ इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवरून भांडलो, ती तुझ्याच शोकसभेत माझ्या बाजूने उभी राहिली होती. म्हटलं, दादा, आता तरी मान्य कर! पण तू चंदनाच्या हाराआडून नेहमीसारखा बघत होतास, समोरच्याचं बोलणं संपायची वाट पाहिल्यासारखा.

आपलं भांडण वहाळावरच्या पुलापासून सुरू झालं. पूल तो केवढा! दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीने मागे व्हावं, एवढाच. बांधून पुरा झाला, सिमेंट सुकलं, पण दोन्ही तोंडांना डांबराची रिकामी पिंपं आणि आडवे बांबू टाकून तो बंद ठेवला होता. पंतप्रधान गोव्यात येणार होते, आणि एका दिवसात त्यांच्या हस्ते बऱ्याच कामांची उद्घाटनं उरकायची होती. आपला पूल त्या यादीत कुठेतरी शेवटी होता. दिल्लीहून तारीख येईना. आली की हले. माणसं डोकीवर ओझी घेऊन पुलाच्या खालून, गुडघाभर पाण्यातून जात होती, आणि वर कोरडा पूल ऊन खात पडला होता.

तू स्वागत समितीवर होतास. मी खाणीच्या वजनकाट्यावर नोकरीला, डिचोलीहून शनिवारी घरी यायचो. आलो की तुझ्या बलकांवात, दारापुढच्या ओट्यावर, बसायचो. वहिनी चहा आणि उंडे पाव पुढे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आधी खावन घ्या, मगे भांडा."

मी तुला म्हणालो होतो, "दादा, पूल लोकांनी जावचो म्हणान बांधलो, काय फीत कापची म्हणान?"

"दोन्ही करता," तू म्हणालास.

रेडिओवर बातम्या चालायच्या. पंतप्रधानांनी सकाळी पुतळ्याचं अनावरण केलं, दुपारी परदेशी पाहुण्यांना भोजन दिलं, संध्याकाळी प्रदर्शनाचं उद्घाटन केलं. आकड्यांची खोड मला पहिल्यापासूनच. मी आठवड्याच्या बातम्या ऐकून मनात बेरीज धरायचो आणि शनिवारी तुझ्यापुढे ठेवायचो, की या माणसाचा निम्मा दिवस हार घालून घेण्यात जातो, मग कारभार कधी करतो? आपल्या देशाने राष्ट्रपती नेमला आहे तो कशाला? सलामी त्याने घ्यावी, फिती त्याने कापाव्या, पाहुण्यांना त्याने जेवू घालावं. पंतप्रधानाने टेबलाशी बसून फायली वाचाव्या. एकाच माणसाला मान आणि काम दोन्ही दिलं की मान कामाला खाऊन टाकतो.

"आणि टेबलार बसान ताका कळतलां काय, आमच्या पुलाचो कठडो आतापासून हलता तां?"

"कळवूक अधिकारी आसत."

तू इतका हसलास की चहा सांडला. "अधिकारी! अरे, तू वजनकाट्यार बसतंस. ट्रकात वर माल आसा आणि खाली माती आसा, तां काट्याक कळता काय?"

"ताच्यासाठी नमुनो काढणारो वेगळो माणूस आसता."

"तोच मी," तू म्हणालास आणि उंडा चहात बुडवलास.

त्या वेळी मला ते उत्तर नुसतं हजरजबाबी वाटलं. तुझी बाजू मला कळत नव्हती असं नाही. तू लहान असताना पोर्तुगीज गवर्नर पेडण्याला आला होता, तेव्हा शाळेतल्या मुलांना उन्हात कमानीखाली उभं केलं होतं. तू ते पुन्हापुन्हा सांगायचास. "गवर्नर गाडयेतसून गेलो. माझ्याकडे बघूकसुद्धा नाय. आणि मुक्तीनंतर जो पयलो पुढारी गावात इलो, तो आमच्या खळ्यात खाली बसलो, बापायच्या बाजूक. बापूय चार दिवस तेंच सांगत होतो." तुझ्यासाठी समारंभ म्हणजे कोणीतरी आपल्याकडे बघणं. माझ्यासाठी तो वेळेचा अपव्यय. दोघंही आपापल्या जागी घट्ट.

त्याच वर्षी बांध फुटला.

बाहेरच्या माणसाला आपल्या खाजनाची रीत सांगावी लागते. खाडीच्या कडेने मातीचा बांध, आत भाताचे कुणगे, मध्ये मानस, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारं आणि पावसाचं सोडणारं लाकडी दार. दरवर्षी चैत्र-वैशाखात बांधाला चिखल चढवायचा. पण आधी गाऱ्हाणं. आपल्या घराण्याचा मान असलेल्या माणसाने बांधावर नारळ ठेवून देवाला गावाचं म्हणणं सांगायचं, जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं, आणि मगच पहिलं खोरं मातीत घालायचं. तो मान तुझ्याकडे होता. मुक्तीनंतर कुळांची संघटना झाली, बांधाचा कारभार तिच्याकडे आला, आणि तिचा अध्यक्षही तूच झालास. मान आणि काम, दोन्ही एका खांद्यावर.

त्या वर्षी गाऱ्हाण्याचा दिवस ठरला, आणि त्याच दिवशी स्वागत समितीची बैठक लागली. पुढचा दिवस ठरला, तर दिल्लीची तारीख हलली आणि तुला पुन्हा पणजीला बोलावलं. असं होत वैशाख संपत आला. चिखल काढून ठेवला होता, माणसं रिकामी होती, खोरी भिंतीला टेकलेली होती. पण नारळाआधी मातीला हात लावायला कोणी तयार नव्हतं. अमावास्येच्या उधाणाला वारा मिळाला आणि मानशीच्या बाजूने बांध गेला. सकाळी कुणग्यांत खारं पाणी चमकत होतं. पुढचे दोन पावसाळे जमिनीतलं मीठ धुवायला गेले.

कुळांच्या सभेत मी उठून बोललो. म्हटलं, "दिल्लीची तारीख हलली म्हणान आमचो बांध फुटलो. पंतप्रधान आपलां काम सोडून फीत कापूक येतत, आणि आमचो अध्यक्ष आपलां काम सोडून तेंका हार घालूक जाता. दोन्हीकडे एकच रोग." मग मी सरळ मांडलं, की गाऱ्हाण्याचा मान एकाकडे असू दे, बांधाचा कारभार दुसऱ्याकडे. मानकऱ्याने ठरल्या दिवशी नारळ ठेवायचा, दुसरं काही त्याच्या डोक्यावर नको. अध्यक्षाने बांध बघायचा, हारतुरे त्याच्या डोक्यावर नकोत.

तू वाद घालशील म्हणून मी तयारीत होतो. तू टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीस आणि म्हणालास, "बराबर आसा. बांध माझ्यामुळे गेलो. गाऱ्हाणां दुसऱ्यान घालूचां."

वयाने पुढचा मी होतो. मी नको म्हटलं. मला चार लोकांत देवाशी मोठ्याने बोलायची लाज वाटते, हे तुला ठाऊक होतं. मग मान आपल्याच घराण्यातल्या धाकट्या रमाकांतकडे गेला. त्याचा आवाज खणखणीत, नाटकांत राजाची कामं करणारा. गावाला विनोद मिळाला. रमाकांत झाला राष्ट्रपती, तू पंतप्रधान. तिठ्यावर तू दिसलास की पोरं म्हणायची, "पंतप्रधान इले, फायल खंय आसा?" आणि तूही गंभीर चेहऱ्याने म्हणायचास, "फायल बांधार वाळत घातलली आसा."

दोन वर्षं माझ्या म्हणण्याप्रमाणे सगळं वेळेवर झालं. ठरल्या दिवशी नारळ, ठरल्या दिवशी खोरी. रमाकांतचं गाऱ्हाणं ऐकायला शेजारच्या वाड्यावरची माणसंही यायची. मी शनिवारी तुझ्याकडे येऊन म्हणायचो, "बघलंस?" आणि तू म्हणायचास, "बघलंय."

तिसऱ्या वर्षी बांध पुन्हा फुटला. काम वेळेवर झालं होतं, माती भरपूर पडली होती, पण मानशीजवळच, कारण पूर्वी तो तिथेच फुटला होता. आता तो भलतीकडे, जानकीमावशीच्या कुणग्यापाशी गेला. खेकड्यांनी आतून पोखरला होता. आपण दोघं धावत पोचलो तेव्हा मावशी बांधावर उभी होती. तिचं अर्धं भात खाऱ्या पाण्याखाली होतं, पण ती ओरडत नव्हती.

मी विचारलं, "मावशी, हंयसर पाझरता तां तुका ठाऊक नाय होतां?"

"ठाऊक कसां नाय? शिमग्यापासून पाझरता."

"मगे सांगूक नाय तां?"

"कोणाक सांगू? गाऱ्हाण्याक विचारूक औंदा कोण इलोच नाय. गेल्या वर्षाय इलो नाय." मग तुझ्याकडे बघून म्हणाली, "तू इल्लंस काय, पुंडलिका?"

तू चपला काढल्यास आणि चिखलात उतरलास.

मी तिथेच उभा राहिलो. गाऱ्हाण्याच्या आधीचे आठ-दहा दिवस तू घराघरांत जायचास ते मला आठवत होतं. शनिवार-रविवारी मीच तर तुला स्कूटरवरून न्यायचो. गाऱ्हाण्यात कोणाचं काय घालायचं ते विचारायला तू जायचास. म्हणून तुझं गाऱ्हाणं लांबायचं, आणि लोक ते कान देऊन ऐकायचे, आपलं नाव येतं का म्हणून. "जानकीची म्हस गाभण आसा, ती सुखान मोकळी होवंदी." "व्हय म्हाराजा!" "सखारामाचो झील मुरगावच्या धक्क्यार कामाक लागलो, ताका समुद्रापासून सांभाळ." "व्हय म्हाराजा!" "न्हयच्या बाजूक दोन कुणग्यांत खारां पाणी शिरता, थंय तुझी नजर आसांदी." देवाची नजर आणि तुझी नजर एकदमच तिथे पोचायची. काम सुरू झालं की तू माती घेऊन पहिला तिकडे वळायचास.

रमाकांतला हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने गाऱ्हाणं पाठ केलं होतं, सगळ्या गावाला पुरेल असं, सुरेख. आणि तू घरोघरी जाणं बंद केलंस, कारण मान दुसऱ्याला दिल्यावर विचारत फिरणं म्हणजे त्याच्या मानात पाय घालणं, असं तुला वाटलं. हे वहिनींनी मला नंतर सांगितलं. मी तुला कधी विचारलं नाही. मला वाटतं, आपण कशासाठी फिरतो हे तुलाही पुरतं ठाऊक नसावं. तू गाऱ्हाण्यासाठी फिरत होतास. बांध त्यात आपोआप येत होता.

त्या दिवशी तू मला एक टोमणा मारायला हवा होतास. "काय रे, काट्याक माती कळली काय?" एवढं म्हणाला असतास तरी मी उसळलो असतो, आपण भांडलो असतो, आणि भांडताभांडता काहीतरी निघालं असतं. तू मारला नाहीस. मीही विषय काढला नाही. पुढच्या सभेत मी ठराव आणला, की महिन्यातून एकदा दोन माणसांनी बांधाची पाहणी करावी. पास झाला. पाहणी होते. माणसं सरळ बांधावरून चालत जातात आणि सरळ चालत येतात. भोकं पाण्याखाली असतात, आणि ती कुठे आहेत हे ज्याच्या शेतात पाझरतं त्यालाच माहीत असतं.

तो पूल मात्र, तुला आठवतं ना, शेवटी कोणीच उघडला नाही. पंतप्रधानांच्या कार्यक्रमातून आपला तालुका गळला, आणि पावसात वहाळाला पूर आला तेव्हा बायकांनी पिंपं ढकलून दिली. तू स्वागत समितीचा माणूस, आणि त्या पुलावरून पहिल्यांदा गेलास तो जानकीमावशीची पाटी धरून. तेव्हाही मी "बघ" म्हणालो होतो. माझं "बघ" म्हणणं जरा जास्तच झालं रे.

पंतप्रधानांनी फिती कापू नयेत, हे माझं मत आजही तसंच आहे. तू गेलास म्हणून मी ते मऊ करणार नाही, तुला ते आवडणारही नाही. एवढा मोठा देश. त्याचा कारभारी घराघरांत जाऊच शकत नाही, तो जातो तिथे आधी कमान उभी राहते आणि पोलीस माणसांना दोरीमागे ढकलतात. ते बघणं नव्हे. तुझ्या गवर्नरचंच ते दुसरं रूप. पण मी देशाचं माप आणून गावावर ठेवलं, आणि मापात काय बसत नाही ते पाहिलं नाही. हे मला बरंच आधी कळलं होतं. तुला सांगायचं होतं.

सांगायची वेळ आली होती. गेल्या दिवाळीनंतर तू अंथरुणाला खिळलास, तेव्हा मी निवृत्त होऊन घरीच होतो, रोज यायचो. ऊन उतरलं की तुला धरून बलकांवात आणून बसवायचो. गुडघ्यांवर शाल, बाजूला रेडिओ. एकदा बातमी लागली, पंतप्रधानांनी कुठल्याशा प्रदर्शनाचं उद्घाटन केलं. तुझा चेहरा उजळला.

"बघ, तुझो पंतप्रधान परत फीत कापता."

मी म्हणालो, "कापूंदी, दादा."

तू रेडिओचा आवाज कमी केलास. मग म्हणालास, "अरे, भांड मरे. गप्प कित्या रवलंस? मी इतको आजारी आसंय?"

मी औषधाची वेळ झाली का ते वहिनींना विचारलं. त्यांनी आतून गोळी आणली, तू घेतलीस, रेडिओ बंद केलास. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, की दादा, अर्धं तुझं बरोबर होतं. त्याने तू भांडायला बसला असतास, उरलेलं अर्धंही मिळवायला. मी दयेने गप्प बसलो, आणि तुला ते लागलं. पुन्हा तू तो विषय काढला नाहीस. मग थोड्याच दिवसांत बोलणंच कमी झालं.

तर शोकसभा. पाहुण्यांची वाट बघताना जानकीमावशी काठी टेकत माझ्याजवळ आली. खाली बसली. तुझ्या फोटोला हात जोडले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मानशीच्या दक्षिणेक जो वाकडो माड आसा, ताच्या मुळात पाणी बुडबुडे काढता. पुंडलिक बरो झालो की सांगतलंय म्हणान ठेवललां. आता तुका सांगतंय."

मी विचारलं, "रमाकांताक कित्या नाय सांगलंस? पाहणीच्या माणसांक?"

"ते विचारूक खंय येतत?"

तेवढ्यात मोटारीचा आवाज आला, सगळे उठले. मंत्री चांगलं बोलले. तुला भेटले नव्हते, तरी चांगलं बोलले. मी नीट ऐकलं नाही. माझ्या डोक्यात तो वाकडा माड होता, आणि मंडपात बसलेली बाकीची घरं. एका मावशीने सांगायचं ठेवलं होतं, तर इतरांनी काय काय ठेवलं असेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माडापाशी गेलो. खरंच बुडबुडे येत होते. दोन माणसं घेऊन चिखल लावला. पण बाकीची भोकं मला ठाऊक नाहीत, आणि पौर्णिमेचं उधाण फार लांब नाही.

रमाकांत संध्याकाळी घरी आला. खुर्चीच्या टोकाला बसला. म्हणाला, "भाऊ, आता गाऱ्हाणां तू घाल. माका नाटक येता, पण लोक माझ्याकडे काय बोलनत नाय." मी म्हटलं, गाऱ्हाणं तूच घाल, तुझा आवाज चांगला आहे. त्याआधीची घरं मी करतो.

म्हणून हे लिहितोय. उद्या सकाळी निघायचं आहे, पहिलं घर सखारामाचं. मी तुला त्या दारापर्यंत कितीदा नेलं असेल! तू आत जायचास, मी फाटकाशी स्कूटरवर बसून घड्याळ बघायचो. आतून कपांचा आवाज यायचा, मग कोणीतरी हसायचं, मग बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. मी चरफडायचो. एकदाही आत आलो नाही.

दारातून आत गेल्यावर तू पहिलं काय बोलायचास, दादा?